वजन तेवढंच, पण पाठीचे मणके हाताला लागतात

प्रश्न (लोकमान्यनगर, इंदूर)
आमचा गुंड्या, लॅब्राडोर, वय १२. वर्षभर काटा ३१ किलोवरच, म्हणून मी निर्धास्त. परवा आंघोळ घालताना ओल्या पाठीवरून हात फिरवला, तर मणके एकेक मोजता आले. पोट मात्र गोलच! कोटा फरशीवर उठताना मागचे पाय फाकतात आणि तो माझ्याकडे असा बघतो, जसं पाणी मीच सांडलंय. डॉक्टर म्हणाले, "वय झालं." म्हातारपणी प्रोटीन झेपत नाही असं ऐकून दोन वर्षं दूध-पोळीवर ठेवलाय. चुकलं का?

उत्तर १ (बडोदा)
ताई, काटा फसवतो. स्नायू जातो, चरबी चढते, आकडा तोच. कणा, खांद्याची पाती, कवटीच्या बाजू, कंबरेची हाडं, इथे दर महिन्याला हात लावून बघत जा. पण आधी रक्त-लघवी तपासा. हृदय, किडनी, कॅन्सर यांतही स्नायू झडतो, स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही. किडनी ठीक असेल तर प्रोटीन तोडायचं कारणच नाही, म्हाताऱ्या कुत्र्याला उलट जास्तच लागतं. उकडलेली अंडी, हाडं काढलेलं चिकन द्या, कांदा-लसूण नको. किडनी बिघडलेली निघाली तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

उत्तर २ (इंदूर)
नुसत्या अंड्यांनी भागणार नाही, वहिनी. पाय दुखतो म्हणून तो वापरत नाही, वापरत नाही म्हणून मांडी झडते. आमच्या राणीचं हेच झालं होतं. एक्स-रे काढून घ्या, महूचं वेटरनरी कॉलेज जवळच आहे. आम्ही जुनी योगा मॅट कापून ताटलीपासून दारापर्यंत अंथरली, नखं आणि पंजातले केस कापले. एका लांब फेरीऐवजी दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या. जेवणाआधी चार-पाच वेळा बस-ऊठ, तीही मॅटवर आणि झेपेल तेवढीच. आणि घरातली ब्रुफेन चुकूनही देऊ नका, कुत्र्यांच्या पोटाला आणि किडनीला ती घातक आहे.

प्रश्नकर्ती
रिपोर्ट आले. किडनी ठीक, खुब्याला संधिवात. दुखण्याची कुत्र्यांची गोळी सुरू झाली, रोज दोन अंडीही. मॅट त्याने पहिल्या दिवशी कुरतडली, आता तिच्यावरच झोपतो. अडलंय ते सासूबाईंपाशी. संध्याकाळच्या चहाबरोबर मूठभर लवंग शेव त्याला जातेच. काल बशी लपवली, तर दोघंही माझ्याशी बोलेनात.