पालक करत नाहीत, की त्यांना कोणी शिकवत नाही?

आर्वीची आई: परवा नागपूरच्या एका थेरपिस्ट मॅडमनी इथं लिहिलं की ऑटिझमवाल्या लेकरांचे खेड्यातले मायबाप सेशनला आणून सोडतात, बाहेर मोबाईल पाहत बसतात, होम प्रोग्राम म्हणजे घरी करायला दिलेला सराव करत नाहीत आणि वरून फरक नाही म्हणून भांडतात. वाचून डोकं तापलं.

मॅडम, आम्ही बाहेर बसतो कारण आत घेत नाहीत. "आई दिसली की तो रडतो" म्हणून दार लावतात. मग हातात झेरॉक्स : ब्लॉक लावा, फ्लॅशकार्ड दाखवा. कापूस वेचणीत पहाटेच वावरात निघणाऱ्या बाईनं फ्लॅशकार्ड कधी दाखवावं? आमच्या अंगणात हापशी आहे. मी अर्धी बादली भरते आणि थांबते. लेकरू बादलीकडे पाहते, मग माझ्याकडे. त्यानं माझा हात ओढला की "पाणी" म्हणते आणि हापसते. हे अंगणवाडीच्या ताईनं सुचवलं, कोण्या केंद्रानं नाही.

थेरपिस्ट, नागपूर: ती पोस्ट माझीच. हापशीचा प्रयोग उत्तम आहे, आम्हीही असंच शिकवतो. पण मी आत बोलावते तरी लोक येत नाहीत. एका वडिलांनी सुनावलं, "पैसे भरले ना, मग तुम्हीच करा." अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासात ऑटिझमच्या मुलांना आठवड्याला ४० तास थेरपी मिळाली, शिवाय पालकांनाही शिकवलं होतं. माझ्याकडे आठवड्याचा एक तास येतो. त्यात मी काय करू?

वणीचा बाप: त्याच अभ्यासात मांडीवर चापट मारणंही होतं, तेही सांगा ना. आमच्या पोरीला "आधी नजर दे, मग चिवडा" हे घरी करायला लावलं. ती मायला पाहून दुसऱ्या खोलीत पळू लागली. बायको रडून म्हणे, मले माय राहू द्या, मास्तरीण नका करू. आम्ही बंद केलं.

अमरावतीकर: भाऊ, नजरेची सक्ती वेगळी आणि पालकांना शिकवणं वेगळं. गोवा आणि रावळपिंडीतला अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते होते. लेकराशी खेळतानाचा व्हिडिओ मायबापासोबत बसून पाहायचे. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. आशाताईंना हे शिकवता येईल.

थेरपिस्ट, नागपूर: आशाताईंवर आधीच किती कामं आहेत! आणि तो अभ्यास लहान होता.

दर्यापूरची मावशी: भाषेचं कोणीच काढलं नाही. माझ्या भाच्याच्या स्पीच थेरपीवाल्यांनी सांगितलं, घरात वऱ्हाडी बंद, शुद्ध बोला. "काय करून रायला" म्हणणाऱ्या आजीनं लेकराशी बोलणंच सोडलं. दिवसभर त्याला सांभाळते तीच!

थेरपिस्ट, नागपूर: शाळेत प्रमाण मराठीच लागते. दोन प्रकारांत मूल गोंधळतं, हा सल्ला उगाच देत नाहीत.

अमरावतीकर: जुना सल्ला आहे. घरात दोन भाषा आहेत म्हणून ऑटिझमची मुलं मागे पडतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

वणीचा बाप: नागपूरवाल्यायले आमच्या बोलीची लाज वाटते, हे खरं कारण.

थेरपिस्ट, नागपूर: मी अचलपूरची आहे. घरी वऱ्हाडीच बोलते. लाज वगैरे काढू नका.

दर्यापूरची मावशी: मग सेशनमध्ये काहून नाही बोलत? लेकरू घरी "पाह्य" ऐकते, तुमच्याकडे "बघ". ते बिचारं दोन्हीकडं गप्प.

थेरपिस्ट, नागपूर: बरं. आजीला गप्प करणारा सल्ला चुकीचा, एवढं मान्य. होम प्रोग्रामचा कागद वऱ्हाडीत करते, मग तरी पाळणार का सगळे?

वणीचा बाप: नजरेची सक्ती त्यातून काढा, मग विचारा.

आर्वीची आई: कागद कोणत्याच भाषेत नको. मी वावरात असते, लेकरू सासूजवळ. तिला वाचता येत नाही. व्हॉट्सॲपवर तुमच्या आवाजात पाठवा, एका वेळी एकच गोष्ट, आणि पुढच्या खेपेला तिला आत बसू द्या.