शनिवारची कोल्ड कॉफी, कॉफी वगळून

*(सोसायटीच्या ग्रुपवरून; नावांऐवजी फ्लॅटचे नंबर)*

ए-३०२: शनिवारी गच्चीवर मुलांचा कार्यक्रम आहे आणि सरबत नको, 'कोल्ड कॉफी' हवी असा पोरांनी ठराव केलाय. २३ मुलं आहेत. सगळ्यात लहान ४ वर्षांचं, मोठं १२ चं. कॉफी न घालता कॉफीसारखं काही कुणी केलंय का? नुसतं चॉकलेटचं दूध सुचवू नका, पहिल्या घोटात पकडतात.

सी-४०४: वहिनी, चिमूटभर इन्स्टंट टाका की. कुणाला कळतंय.

ए-३०२: दादा, हाच शहाणपणा मी घरी करून बसलेय. मागच्या महिन्यात धाकटीला (वय ६) संध्याकाळी सहाला चांगला चमचाभर इन्स्टंट घालून ग्लास दिला. रात्री पावणेबाराला ती टक्क जागी. पंख्याकडे बघत मला विचारतेय, आई, थांबल्यावर तीन पाती असतात मग फिरताना कुठे जातात?

डी-१०२: आम्ही पाचव्या वर्षापासून मोठ्यांच्या कपातली कॉफी पीत आलो. काही झालं नाही आम्हाला.

बी-१०१: आजोबा, रात्री अडीचला ग्रुपवर 'सुप्रभात' कोण टाकतं?

डी-१०२: ते वयामुळे.

ए-२०५: मी आहाराच्या क्षेत्रात आहे म्हणून थोडं सांगते. चहाच्या एका सपाट चमच्याएवढ्या इन्स्टंट कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असतं, ब्रँडनुसार थोडं इकडेतिकडे. कॅनडाच्या आरोग्य खात्याने ४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४५ मिलिग्रॅम ठेवलीय, ७ ते ९ साठी ६२.५ आणि १० ते १२ साठी ८५. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये वजनावरून हिशोब दिला, एका किलोला दिवसाला ३ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला ६०. ही कमाल मर्यादा आहे हां, एवढं द्यावं असा अर्थ नाही. ताईंच्या धाकटीने एका ग्लासात दिवसाचा कोटा ओलांडला. मोठ्या माणसाच्या शरीरातलंसुद्धा निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. सहाला प्यायलेलं अकराला अर्धं शिल्लक.

सी-४०४: मी चमचा नाही, चिमूट म्हणालो.

ए-२०५: खरंय, चिमटीने कुणाला काही होणार नाही. पण 'गच्चीवर दिली होती की' म्हणून दुसऱ्या दिवशी घरी हट्ट होणार, आणि घरी कुणी चिमूट घालत नाही. शिवाय २३ घरांना विचारावं लागेल.

बी-३०३: डिकॅफ (कॅफीन काढलेली कॉफी) वापरा ना मग! चव तीच.

ए-२०५: एखाद्या वेळी मोठ्या मुलांना चालेल. पण डिकॅफ म्हणजे शून्य नव्हे, कपाला दोन-चार मिलिग्रॅम उरतंच. माझा आक्षेप वेगळा आहे. चार वर्षांच्या पोराला कॉफीची चव लावायची घाई कशाला? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांसह चार संस्थांनी २०१९ मध्ये मिळून सांगितलंय की पाच वर्षांपर्यंत कॅफीनची पेयं नकोतच.

बी-१०१: मला विचाराल तर पोरांना कॉफी नकोच असते. त्यांना आपल्यासारखा उंच ग्लास हवा, वर फेस हवा, स्ट्रॉ हवी आणि रंग तसा हवा. माझी नात रिकामा कप घेऊन 'मीटिंग आहे' म्हणून फिरते.

ए-३०२: काकू, अगदी हेच. पण थोडा कडवटपणा लागतो, नाहीतर मोठी मुलं 'बाळांचं दूध' म्हणतात. आज-उद्या दोन-तीन प्रयोग करते आणि कळवते.

सी-४०४: बाय द वे, खालच्या नळाचं पाणी बंद आहे का?

बी-१०१: पंप लावलाय. अर्ध्या तासात येईल. विषय बदलू नका.

*(दुसऱ्या दिवशी)*

ए-३०२: प्रयोगाचा अहवाल. लांब आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

पहिला प्रयोग चिकोरीचा. कॉफीच्या पुड्यांवर जी 'चिकोरीमिश्रित' असते ती नव्हे, त्यात कॉफी असतेच. नुसती चिकोरी मिळते, भाजलेल्या मुळाची पूड. त्यात कॅफीन नसतं. रंग एकदम कॉफीचा, कडूपणाही आहे. पण एकटी दुधात घातली तर काढ्याची आठवण येते. धाकटीने एक घोट घेतला आणि 'मला बरं वाटतंय, मला औषध नको' म्हणाली.

दुसरा प्रयोग साखर जाळण्याचा, आणि सगळं गुपित तिथेच आहे. भाजलेल्या कॉफीचा जो खरपूस, कडवट-गोड वास असतो ना, त्याचा सख्खा नाही तरी चुलत भाऊ करपवलेल्या साखरेत भेटतो. पण तीन वेळा करावं लागलं. पहिल्यांदा फोन आला, दोन मिनिटं नजर हटली, पातेल्यात काळा धूर. चव राखेची. दुसऱ्यांदा रंग बरोबर आला तर मी घाईत गार पाणी ओतलं. फट्‌ असा आवाज, वाफेचा लोट, आणि साखर तळाला काचेसारखी घट्ट. उलथन्याने टोकरत बसले होते. (पाणी घालून परत उकळलं की विरघळते, हे नंतर सुचलं.)

तिसऱ्यांदा जमलं. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंगच दिसत नाही. पाऊण कप साखर कोरडीच मंद आचेवर ठेवायची, ढवळायचं नाही, पातेलं नुसतं गोल फिरवायचं. आधी कडेने पाणी सुटल्यासारखी वितळते, मग मधाचा रंग, मग तांबूस. इथपर्यंत घरभर गोड वास असतो. मग एका क्षणी वास बदलतो, नाकात किंचित झोंबतं. रंग गडद तपकिरी, धुराची जेमतेम पहिली रेघ. त्याच क्षणी गॅस बंद. बाजूला पाऊण कप पाणी उकळून तयार ठेवलेलं हवं, ते लांबून, थोडं थोडं ओतायचं. तरी उसळतंच, म्हणून लांब दांड्याचा डाव आणि मुलं स्वयंपाकघराबाहेर. हे मी ओरडून लिहितेय असं समजा. वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते आणि कातडीला चिकटते.

गार झाल्यावर पातळ पाक उरतो, बघितलं तर थेट फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन.

बी-३०३: काकू, हे वाचूनच तहान लागली 😋

ए-३०२: आता ग्लास. नुसता पाक दुधात घातला तर टॉफीचं दूध होतं. नुसती चिकोरी म्हणजे काढा. दोन्ही एकत्र घातलं आणि मिठाचे चार कण टाकले तर मिस्टरांनी अर्धा ग्लास संपवून विचारलं, 'कॉफी कुठली आणलीस?'

सी-४०४: मीठ?!

ए-२०५: मिठाने कडूपणा दबतो, चार कणांनी खारट लागत नाही. पाकाची साखर माणशी किती होईल ताई?

ए-३०२: १५० ग्रॅम साखरेचा पाक २३ जणांत. साधारण साडेसहा ग्रॅम.

ए-२०५: दीड चमचा. ठीक आहे. अमेरिकेतली हृदयविकाराची संस्था दोन वर्षांवरच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, आणि दोनच्या आतल्यांना अजिबात नको. वरून आइस्क्रीमचा गोळा आणि चॉकलेट सॉस मात्र आणू नका, त्याने सगळा हिशोब बुडतो. अजून एक, दूध फ्रीजमधलं गार असतानाच चव बघा. कोमट चाखून साखर ठरवली की गार झाल्यावर तीच चव फिकी लागते आणि हात परत डब्याकडे जातो.

डी-१०२: कोको का नको? कोकोत तर काही नसतं.

ए-२०५: असतं आजोबा, थोडं. मोठ्या चमचाभर कोकोत १०-१२ मिलिग्रॅम कॅफीन निघतं. घाबरण्यासारखं नाही, पण 'शून्य' म्हणून कुणी देऊ नये.

ए-३०२: मी एकूण दोन चमचे घालणार आहे, रंगापुरता. कोको गार दुधात कधीच टाकू नका, गुठळ्या तरंगत राहतात. आधी दोन चमचे गरम पाण्यात खलून पेस्ट करायची.

बी-३०३: फेसाचं माझ्याकडे द्या! पण एक विचारायचंय. २०२० मध्ये सगळे ती डालगोना कॉफी (इन्स्टंट, साखर आणि गरम पाणी फेटून केलेला घट्ट फेस) फेटत होते तेव्हा मी भावासाठी कॉफीऐवजी कोको घालून केली होती. पंधरा मिनिटं फेटलं, हात गळून पडला, चिखल झाला नुसता. का?

ए-२०५: कारण तिथे फेस कॉफीच धरून ठेवते. इन्स्टंट कॉफीतले काही घटक हवेच्या बुडबुड्यांभोवती बसतात. कोकोत ते काम करणारं काही नाही, उलट त्यातली चरबी बुडबुडे फोडते. म्हणून आपल्याला फेस दुधाकडूनच घ्यावा लागणार. साय काढलेलं किंवा बिनसायीचं, एकदम गार दूध. दुधातलं प्रथिन फेस धरतं आणि स्निग्धांश तो मोडतो.

बी-३०३: आत्ता करून बघितलं. बाटली अर्धीच भरायची, झाकण घट्ट, एक मिनिट जोरात हलवायची. सायीच्या दुधाचा फेस लगेच बसला. बिनसायीचा मस्त उंच आला, चमच्याने उचलता येतो. पण पाचेक मिनिटांनी हाही बसायला लागतो, त्यामुळे ऐनवेळीच.

बी-१०१: मग बाटल्या पोरांच्याच हातात द्या की. पाच गट करा, प्रत्येकी एक बाटली. आपले हात वाचतील आणि त्यांनाही काम मिळेल.

ए-३०२: काकू, तुमच्या पायाला हात लावते.

ए-५०१: आमच्या छोट्याला दूध चालत नाही. त्याला काय?

ए-३०२: त्याच्यासाठी सोयाचं दूध आणते. चालेल ना? फेसही चांगला येतो म्हणतात. वेगळी बाटली, नाव लिहून.

ए-५०१: चालेल. थँक यू. आणि बार्लीची कॉफी पण असते ना? जपानमध्ये भाजलेल्या बार्लीचा गार चहा लहान मुलांनाही देतात असं वाचलं होतं.

ए-२०५: हो, त्या चहाला 'मुगीचा' म्हणतात. इटलीतही भाजलेल्या बार्लीची कॉफी पितात. कॅफीन नसतं, पण ग्लुटेन (गहू-बार्लीतलं प्रथिन) असतं. आपल्याकडे दोन मुलांना ग्लुटेन वर्ज्य आहे, म्हणून या वेळी नको. चिकोरीतही जपून: जास्त झाली तर पोट गुडगुडतं, आणि शेवंतीच्या जातीच्या फुलांची अॅलर्जी असलेल्यांना तीही त्रास देऊ शकते. असं कुणी असेल तर मला वैयक्तिक मेसेज करा.

ए-३०२: आता शेवटची मदत हवीय. बर्फ घातला की पाचव्या मिनिटाला सगळं पाणचट होतं. म्हणून चिकोरी आणि दुधाचेच क्यूब करायचे. अर्धा लिटर गरम पाण्यात आठ चमचे चिकोरी, पाच मिनिटांनी फडक्यातून गाळायची, गार झाल्यावर तेवढंच दूध. साधारण ५० क्यूब लागतील, ग्लासाला दोन. माझ्याकडे एकच ट्रे आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी मिश्रण घेऊन दारात येते, कुणाकुणाच्या फ्रीजरमध्ये जागा आहे?

बी-१०१: दोन ट्रे माझ्याकडे.

सी-४०४: एक. पण आमच्या फ्रीजरमध्ये मासे आहेत, झाकण लावून द्या.

ए-३०२: दादा, तुमचा राहू द्या 🙏

डी-१०२: माझा फ्रीजर रिकामाच असतो. एक ट्रे ठेवतो. पांढरा, एक कोपरा तुटलेला.

ए-३०२: आजोबा, ट्रे भरला की दुधाला वास लागू नये म्हणून वर प्लास्टिक लावा. आणि छोट्यांना (५ च्या आतले) क्यूब मिक्सरमध्ये चुरून द्यायचे आहेत, अख्खा क्यूब घशात अडकू शकतो.

*(शनिवार, रात्री)*

बी-३०३: २३ पैकी २१ ग्लास रिकामे. एकाने कठड्याला धक्का लावून सांडला, एकाने फक्त फेस खाल्ला.

ए-५०१: आमच्याला विचारलं, कसं लागलं, तर 'बाबांच्यासारखं' म्हणाला.

ए-३०२: आणि १२ वर्षांच्या एका विद्वानाने मला बाजूला घेऊन विचारलं, 'काकू खरं सांगा, यात कॉफी नाहीये ना?' मी म्हटलं, नाही, जळकी साखर आणि एका झाडाचं मूळ. त्याने जाऊन सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं आता संपलं. तर सगळे 'मूळ? कुठलं मूळ?' करत दुसऱ्या ग्लासासाठी रांगेत.

ए-२०५: झोपली का सगळी?

सी-४०४: आमचे दोघे साडेनऊला आडवे.

ए-३०२: धाकटी पण. पंख्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरं, ट्रे कुणाचे कुणाचे आहेत ते उद्या सकाळी माझ्या दारातून घेऊन जा. कोपरा तुटलेला पांढरा ट्रे आलेला नाही, आजोबा, तुमच्या फ्रीजरमधूनच निघाला नाही का तो?

डी-१०२: नाही निघाला. त्यातले दोन क्यूब मी आत्ता दुधात घातले. बाकीचे दहा राहू द्या, यात झोप उडत नाही म्हणालात ना.