मदत हवी आहे: आई-बाबांना स्टेशनवरून देवीला कसं पाठवू?

सांजवेळ
शनिवारी आई-बाबा दादरहून गोव्याला येताहेत. उतरल्यावर थेट देवीला जायचंय. मी बरोबर नसेन. करमळीला उतरवू की मडगावला? बस मिळेल की टॅक्सीच करावी? लवकर सांगा, बाबांचे सारखे फोन येताहेत.

अंत्रुज
कोणती देवी? म्हार्दोळची म्हाळसा असेल तर करमळी. कवळ्याची शांतादुर्गा असेल तर मडगाव. आणि गाडी कोणती? कोकणकन्या सकाळी पोचते, मांडवी संध्याकाळी.

सांजवेळ
शांतादुर्गाच, कुलदेवता आहे आमची. मांडवी.

घाटमाथा
मांडवीत दिवस जातो. विमानाने आणा. मोपा विमानतळ २०२३ पासून सुरू आहे, दाबोळीही आहेच.

सांजवेळ
तिकीट काढून झालंय हो. मडगावपर्यंतचं.

फिरस्ता
गोव्यात भाड्याची स्कूटर सगळ्यात सोयीची. काळ्या पाटीवर पिवळे आकडे बघूनच घ्या.

रानमोगरा
आई-बाबांसाठी विचारताहेत ते, स्कूटर कुठे? सांजवेळ, वय काय त्यांचं?

सांजवेळ
आई ६८, बाबा ७३. आईचे गुडघे दुखतात.

अंत्रुज
मग बस नकोच. मडगावहून बोरीच्या पुलावरून फोंड्याला बस येतात, पण दिवस मावळला की कमी होतात. त्यात आधी स्टेशन ते कदंबा (गोव्याची सरकारी बस) स्टँड, मग फोंड्याहून कवळ्याला दुसरी गाडी. बॅगा घेऊन कशाला त्रास?

पणजीवाला
गोवा माइल्स ॲपवर टॅक्सी बोलवा. भाडं आधीच कळतं, घासाघीस नाही.

अंत्रुज
स्थानिक टॅक्सीवाले ॲपची गाडी सगळीकडे दारापर्यंत येऊ देत नाहीत. माझ्या मावशीला एका ठिकाणी बॅगा घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत चालावं लागलं होतं.

पणजीवाला
म्हणून मागतील ते भाडं द्यायचं? लोकांनी ॲप वापरलं तरच हे बदलेल.

अंत्रुज
बदलेल तेव्हा बदलेल. शनिवारी त्या माउलीने गुडघे घेऊन चालायचं का?

रानमोगरा
सांजवेळ, तुम्ही स्वतः कुठे असता? का येऊ शकत नाही?

सांजवेळ
वास्कोला. दुपारपाळी आहे, रात्री अकराला सुटतो.

रानमोगरा
अहो, हे आधी सांगायचं ना! वास्कोतलाच ओळखीचा टॅक्सीवाला आज ठरवा आणि गाडीच्या वेळेला मडगावला पाठवा. त्याचा नंबर बाबांना देऊन ठेवा. मांडवी कधीकधी उशिरा येते, तेव्हा थांबण्याचे पैसेही आधीच बोलून घ्या.

अंत्रुज
हे उत्तम. देवळाच्या अग्रशाळेत (भक्तांच्या निवासात) खोली मिळते का तेही फोन करून विचारा. रात्री तिथेच राहून सकाळी निवांत दर्शन. परतताना फोंडा–पणजी बसने म्हार्दोळ, मंगेशी होईल. बस मुख्य रस्त्यावर सोडते, आत थोडं चालणं आहे, तेवढं आईंना सांगा.

गडवाट
नार्व्याचा सप्तकोटेश्वरही दाखवा. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेलं देऊळ. जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोट, पुढे नार्व्याला दुसरी. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही.

सांजवेळ
टॅक्सी ठरली, शेजारचेच आहेत. अग्रशाळेचा फोन लागत नाहीये, पुन्हा करतो. सगळ्यांचे आभार.

नवी_पालवी
याच धाग्यात विचारते. मोपाहून थेट फोंड्याला कदंबाची बस आहे का? आम्ही चौघं आहोत, बरोबर लहान बाळ.

अंत्रुज
विमान किती वाजता उतरतं?