कालच्या नाश्त्यातला तो चॉकलेट टोस्ट

बी-२०२ (१०:४१)
काल ज्येष्ठांच्या कट्ट्यावर 'शुगर फ्री' चॉकलेट टोस्ट होता ना? बाबांनी त्या नावावर विसंबून चार खाल्ले. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर २६८! एरवी १६० च्या आत असते. कोणाला बोलायचं नाहीये, पण त्यात घातलं काय होतं?

ए-३०१ (१०:४४)
मीच केले होते, अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. सरळ मलाच विचारायचं. साखरेचा दाणा नाही त्यात. खजूर भिजवून वाटला, कोको, थोडं दूध. पहाटे ५ ला उठून ६० स्लाइस भाजलेत.

सी-१०४ काका (१०:४५)
गूळ घालायचा. गुळाने काही होत नाही. आमची आई ९१ व्या वर्षापर्यंत रोज खडा खायची.

ए-१०२ (१०:४६)
लिफ्टवाला आज येणार होता. आला का?

बी-४०३ (१०:५२)
वहिनी, राग नको. खजुरात वजनाच्या ६० टक्क्यांहून जास्त साखरच असते. वर ब्रेड, एका स्लाइसला १२-१५ ग्रॅम कर्बोदकं. चार खाल्ल्यावर नुसत्या ब्रेडनेच मीटर चढणार.

ए-३०१ (१०:५३)
ब्राउन ब्रेड होता.

बी-४०३ (१०:५५)
पाकीट उलटून बघा. पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो रंगच ब्राउन, बाकी पांढराच.

ए-३०१ (१०:५६)
पुढच्या वेळी तुम्हीच करा मग. मी येईन खायला.

सी-१०४ काका (१०:५७)
म्हणून म्हणतो, गूळ.

बी-२०२ (१०:५८)
काका, गूळ म्हणजे साखरच हो.

ए-२०४ (११:०१)
बाजारातलं शुगर फ्री चॉकलेट वितळवून लावलं तर?

बी-४०३ (११:०३)
साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य घातलेलं असेल तर शुगर त्यानेही चढते, साखरेपेक्षा कमी एवढंच. आणि जास्त खाल्लं की पोट सुटतं.

सी-३०२ (११:०४)
आणि लिफ्ट बंद 😂

ए-१०२ (११:०४)
तेच विचारतोय. आला का?

सेक्रेटरी (११:०६)
मेंटेनन्स आला की लिफ्टवालाही येईल. तीन महिने थकलाय. कोणाचा ते बोलत नाही.

सी-३०२ (११:०७)
बोललातच की.

सेक्रेटरी (११:०८)
कृपया वैयक्तिक टीका टाळावी 🙏 टोस्टचे उष्टे तुकडे कोणीतरी गेटवरच्या भुऱ्याला घातल्याचं कळलं. कोको कुत्र्यांना विषारी असतो. घालू नये.

बी-४०३ (११:१५)
आमच्याकडे सासऱ्यांना चालतो तो सांगते. स्लाइस एकच, खरोखर गव्हाची. बिनसाखरेचा कोको चमचाभर, त्यात दोन चमचे कढत दूध. गार दुधात गुठळ्या होतात, मग ढवळत बसा. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट चमचाभर, चिमूट मीठ, त्याने कडूपणा दबतो. स्लाइस आधी तुपावर कुरकुरीत भाजायची, कोको मागून लावायचा. मी एकदा लावून तव्यावर टाकली तर घरभर करपट वास. गोडी हवीच तर स्टीव्हियाचे दोन थेंब, जास्त घातलं की जिभेवर कडवट रेंगाळतं.

ए-३०१ (११:१८)
६० माणसांना हे करून दाखवा.

सी-१०४ काका (११:१९)
स्टीव्हियापेक्षा गूळ बरा.

बी-२०२ चे बाबा (११:२२)
चार नाही, सहा खाल्ले. छान झाले होते. सूनबाईला कळवू नये.

बी-२०२ (११:२२)
बाबा, हा सोसायटीचा ग्रुप आहे.

ए-३०१ (११:२३)
तरीच ६० पुरले नाहीत!

ए-१०२ (११:३०)
लिफ्टवाला?