भावाचा तक्ता आणि खातेउतारा: पान सर्व्हरवर बनवायचं की ब्राउझरमध्ये?

टिळकवाडीकर
शेतमालाचे रोजचे भाव आणि सभासदांचं लॉगिन, मराठी-कन्नड दोन्हीत चालणारं वेब ॲप. माझं मत, सगळं सर्व्हरवरच रेंडर करावं, म्हणजे पान तिथंच पूर्ण बनवून पाठवावं. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रेंज येते-जाते. ब्राउझर-रेंडरला आधी रिकामं एचटीएमएल, मग जावास्क्रिप्टचा गठ्ठा, मग एपीआय, म्हणजे सर्व्हरकडून डेटा मागवणं. मधलं एक अडकलं की पांढरं पान. सर्व्हरकडून पहिल्याच उत्तरात तक्ता येतो. शिवाय व्हॉट्सॲपचा प्रिव्ह्यू जावास्क्रिप्ट चालवत नाही, प्रिव्ह्यूचं शीर्षक-चित्र सांगणारे ओजी टॅग एचटीएमएलमध्ये आधीच हवेत.

निपाणीकर
भावाच्या पानापुरतं कबूल. पण सगळं कशाला ओ? लॉगिनच्या आतल्या खातेउताऱ्यापर्यंत ना गूगल पोचतं ना व्हॉट्सॲप. तिथं फिल्टर बदलला की सर्व्हरकडे धाव, म्हणजे प्रत्येक टिचकी रेंजच्या हवाली. सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये पाठीमागे चालणारी स्क्रिप्ट) ॲपचा सांगाडा फोनवरच्या कॅशमध्ये ठेवला तर रेंज नसतानाही ते उघडतं. आणि हायड्रेशन, म्हणजे आलेल्या एचटीएमएलला ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट जोडणं? रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत एसएसआर (सर्व्हर-रेंडर) केलं म्हणून जावास्क्रिप्ट घटत नाही. तक्ता दिसतो, बटण दाबलं तर ढिम्म. एलसीपी (मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ) अडीच सेकंदांत बसवाल, पण स्वस्त फोनवर आयएनपी (टिचकीला प्रतिसाद मिळायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या पुढे जाईल.

टिळकवाडीकर
सर्व्हिस वर्कर पहिल्या भेटीला कामाचा नाही. आणि अख्खं पान हायड्रेट करा असं कोण म्हणतंय? तक्ता साधं एचटीएमएल, स्क्रिप्ट फक्त शोधपेटीला.

जांबोटीवाला
तारखेचा घोळ दोघांनीही काढला नाही. सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ), फोन भारतीय वेळेवर. रात्री १२ ते पहाटे साडेपाच सर्व्हरची तारीख कालचीच. त्यात मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) तारीख देवनागरी अंकांत देतं, आणि सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १३ व्या आवृत्तीआधी पूर्ण आयसीयू (सगळ्या भाषांची माहिती) सोबत येत नसे, म्हणून जुना सर्व्हर ती इंग्रजीत छापतो. सर्व्हरचा आणि ब्राउझरचा मजकूर जुळला नाही की रिअ‍ॅक्ट १८ जवळच्या सस्पेन्स सीमेपर्यंतचा (कोडमध्ये पानाचे भाग पाडणारी खूण) भाग टाकून देतं आणि ब्राउझरमध्ये नव्याने रेंडर करतं. एसएसआरची मेहनत पाण्यात. 'एशिया/कोलकाता' हा वेळ-पट्टा आणि लोकेल, दोन्ही दोन्हीकडे स्पष्ट लिहा. भाषेची निवड लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधला साठा) नको, सर्व्हरला ती दिसत नाही. नुसती कुकीही नको. सीडीएन (पानांच्या प्रती साठवून वाटणारा मधला सर्व्हर) कन्नड पान मराठीवाल्याला देऊन मोकळा होतो. भाषा यूआरएलमध्येच घाला.

निपाणीकर
सीडीएनचं निघालंच आहे तर खातेउताऱ्याचं बोला. भावाच्या पानाला एस-मॅक्सएज ३०० ठीक, म्हणजे सीडीएनने प्रत पाच मिनिटं ठेवायची. पण तीच सेटिंग चुकून उताऱ्याला लागली तर एकाची शिल्लक दुसऱ्याच्या स्क्रीनवर! ब्राउझर-रेंडरच्या सांगाड्यात कुणाचाच डेटा नसतो.

टिळकवाडीकर
तीच सेटिंग एपीआयला लागली तरी शिल्लक फुटणारच की. लॉगिनच्या आतल्या सगळ्या मार्गांना प्रॉक्सीवरच (ॲपच्या पुढे बसणारा सर्व्हर) 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' म्हणजे 'प्रत साठवू नका' असं लावा, प्रत्येक पानाच्या कोडवर सोडू नका.

निपाणीकर
लावा. फिल्टरच्या प्रत्येक टिचकीला रेंज लागते, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.