वाइन शॉपचं लायसन महापालिका रद्द करू शकते का? (सिंहगड रोड)

धायरीकर:
नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला आमच्या सोसायटीसमोर एक जुनं वाइन शॉप आहे. दुकानाबद्दल कधी तक्रार नव्हती, पण हल्ली दुकानवाल्याने शेजारी पत्र्याचा शेड घातलाय आणि तिथे ग्लास, पाणी, चखणा सगळं मिळतं, लोकं तिथेच उभी राहून पितात आणि मग फुटपाथवर बसतात. संध्याकाळी क्लासवरून येणाऱ्या पोरी रस्ता ओलांडून पलीकडून जातात. त्यात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना काही न विचारता बाटल्या दिल्या जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तक्रार घेऊन जिथे जातो तिथे हा आमचा विषय नाही म्हणतात. नगरसेवकांना सांगून महापालिकेच्या सभेत ठराव करून घेतला तर लायसन रद्द होतं का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पेठेतला_वकील:
ठरावाने होणार नाही, कारण लायसन महापालिका देतच नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली हा विषय राज्य उत्पादन शुल्क विभागाचा, आणि जिल्ह्यात परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार कलेक्टरांना आहे, कलम ५४ बघा. वाइन शॉपचं लायसन एफएल-२ असतं, म्हणजे सीलबंद बाटली विकायची, गिऱ्हाइकाने ती घेऊन निघून जायचं. बसून प्यायचं ते परमिट रूममध्ये, त्याचं एफएल-३ वेगळं. तुमचा दुकानवाला शेडमध्ये पाजत असेल तर लायसनची अट तर मोडतोच, वर विनापरवाना गुत्ता चालवल्याचं कलम ६८ पण लागू शकतं. आणि वय! महाराष्ट्रात बीअर-वाइनला २१ आणि हार्डला २५ पूर्ण लागतात, त्यामुळे अठराच्या पोराला बीअरसुद्धा देता येत नाही.
महापालिकेचा उपयोग शेडपुरता आहे, पण तो जरूर करा. साइड मार्जिनमध्ये (इमारतीच्या बाजूला मोकळी सोडायची जागा) किंवा फुटपाथवर पत्रे ठोकले असतील तर अतिक्रमण आणि बांधकाम विभागाकडे वेगळा अर्ज टाका. शेड गेला की अर्धा त्रास तिथेच संपेल.

कर्वेनगरची_ताई:
वकीलसाहेब बरोबर सांगतायत, पण पुढचं पण ऐका, कारण आम्ही यातून गेलोय. तक्रार केली की इन्स्पेक्टर येतो, दुकानावर विसंगतीची केस (लायसनच्या अटी मोडल्याची) होते, आपल्याला वाटतं झालं काम, आणि काही दिवसांनी शटर परत वर. कारण कलम १०४. लायसन निलंबित किंवा रद्द करण्याऐवजी रक्कम भरून घेऊन प्रकरण मिटवता येतं त्याखाली. दुकानवाल्याला ते परवडतं, कारण एफएल-२ ची नवीन लायसन्स सत्तरच्या दशकापासून दिली जात नाहीत, आहेत तीच विकली जातात आणि इकडून तिकडे हलवली जातात, म्हणून एकेका लायसनला सोन्याचा भाव आहे. ते हातचं जाऊ नये म्हणून मालक उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करणार, तिथून पुढे सरकारकडे जाणार.
म्हणून एका तक्रारीवर थांबू नका. दहा रुपयांचा आरटीआय टाका आणि विचारा की या लायसनवर मागच्या ५ वर्षांत किती विसंगती केसेस झाल्या, प्रत्येकीत काय आदेश झाला, किती रक्कम भरून घेतली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीन-चार वेळा तोच गुन्हा करून पैसे भरून सुटलाय असं कागदावर दिसलं ना, की तोच कागद घेऊन लोकशाही दिनाला कलेक्टर ऑफिसला जा, लोकांच्या तक्रारी ऐकायचा तो दिवस महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

लेस्टरवरून_पुणेकर:
मी मूळचा बिबवेवाडीचा, आता इंग्लंडला असतो. इथे हे काम खरंच लोकल कौन्सिलकडे आहे. २००३ च्या लायसन्सिंग कायद्याखाली पोलीस किंवा अगदी शेजारचा माणूससुद्धा दुकानाच्या लायसनचा फेरविचार मागू शकतो, मग २८ दिवस लोकांची म्हणणी घेतात आणि नगरसेवकांची कमिटी सगळ्यांसमोर सुनावणी करते. लहान पोरांना दारू विकली, चोरीचा माल ठेवला अशा कारणांवर कमिटी अटी वाढवते, तीन महिन्यांपर्यंत लायसन थांबवते नाहीतर रद्द करते, आणि का केलं ते लेखी देते. दुकानदाराला कोर्टात अपील आहेच. शेजाऱ्याला समोर बसवून ऐकून घेतात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आपल्याकडे कलेक्टरांपुढच्या सुनावणीत तक्रारदाराला असं हक्काने बसता आलं पाहिजे.

धायरीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आडव्या बाटलीचं मतदान, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला बायकांनी करायचं मतदान, शहरात होतं का? सोसायटीतल्या बायका तयार आहेत.

कर्वेनगरची_ताई:
वॉर्डात पण होतं. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज लागतो, त्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. पण २००८ च्या आदेशाप्रमाणे एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, नुसत्या झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही. गावात बायका एकत्र येतात, इथे वॉर्ड केवढा मोठा, भाड्याने राहणाऱ्यांची नावं यादीत नाहीत, फार जड जातं. आणि त्याने दुकान बंद होतं ते लोकांना नको म्हणून. तुमचा दुकानवाला तर कायदा मोडतोय, त्याला मतदान कशाला लागतंय?

पेठेतला_वकील:
सहमत. कलेक्टरांनी मनावर घेतलं तर किती पटकन होतं ते मे २०२४ ला कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर पुण्याने बघितलंय, त्या मुलाला दारू दिल्याच्या प्रकरणात बार लगेच सील झाले. दोन जीव गेल्यावर ते झालं, याचं मला आजही वाईट वाटतं. लहान वयाच्या पोरांना विक्री हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, अर्जात तो पहिला लिहा, शेड दुसरा. पोरांचे चेहरे दिसतील असे फोटो मात्र व्हॉट्सॲपवर फिरवू नका, तारीख-वेळ टाकून फक्त अर्जाला जोडा. लायसनचं वर्ष ३१ मार्चला संपतं, तेव्हा नूतनीकरणाच्या आधीच, जानेवारी-फेब्रुवारीत, हरकत उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या ऑफिसला आणि कलेक्टरांकडे दोन्हीकडे द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका.

धायरीकर:
रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, अर्ज तिथेच लिहितो. आरटीआय उद्याच टाकतोय.