मदत हवी आहे: रोज कागल एमआयडीसी + मिसेस/लेकीला घेऊन कोकण, कुठली ॲडव्हेंचर बाईक? (उंची ५ फूट ५)

राम राम मंडळी,

बाईकचे धागे बरीच वर्षं नुसते वाचतोय, आता स्वतःला गाडी घ्यायचीय म्हणून लिहितोय. जरा लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळायचा नाही.

राहायला कोल्हापुरात फुलेवाडीला, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. सध्या होंडाची युनिकॉर्न आहे, गाडी एक नंबर, काही तक्रार नाही, ती आता धाकट्या भावाला देणार. रोजचं येऊन-जाऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतं. रंकाळ्याकडून शहर ओलांडायचं, उचगावला हायवेला लागायचं, मग गोकुळ शिरगाव आणि कागल. शहरात सेकंड-थर्डच्या वर गिअर पडत नाही आणि हायवेला सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम चालू असल्यामुळे आज इथं डायव्हर्जन उद्या तिथं, सर्व्हिस रोडला खडी पसरलेली. त्यात गाळप हंगाम लागला की उसाच्या डबल ट्रॉल्या, कितीतरी ट्रॉल्यांना मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि जिथं ट्रॅक्टर शेतातनं रस्त्याला चढतो तिथं टायरांनी आणलेला चिखल डांबरावर पसरलेला असतो. सेकंड शिफ्ट सुटल्यावर अंधारात ह्याच रस्त्यानं यायचं असतं. म्हणून हेडलाइट आणि ड्युअल चॅनल एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ह्या दोन गोष्टींवर तडजोड करणार नाही, बाकी कशावर करायची ते तुम्ही सांगा.

दुसरा वापर म्हणजे सासुरवाडी. ती कणकवलीच्या अलीकडे, म्हणजे गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे असं उतरायचं. कधी राधानगरी-दाजीपूर करून फोंडा घाटानं. पावसाळ्यात मांडुकलीजवळ पाणी आलं की गगनबावडा रस्ता बंदच होतो, त्या पाण्यात गाडी घालायचा प्रश्नच नाही, बाईक कितीही उंच असू दे. पण पाऊस ओसरल्यावर रस्त्याची जी चाळण होते त्यावर युनिकॉर्नवर मागं बसून मिसेसची कंबर धरते. खरं तर ॲडव्हेंचर बाईकचा विचार तिथनंच सुरू झाला, मला डोंगरात उड्या मारायच्या नाहीत, मागच्या माणसाला खड्डा कमी लागला पाहिजे एवढंच.

फॅमिली राइड म्हणजे तिघं एका गाडीवर नव्हे हे आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे चालवणाऱ्याच्या मागं एकच माणूस बसवता येतो आणि घाटात तिघं बसून जाणं मला कायदा नसता तरी पटलं नसतं. लेक ७ वर्षांची आहे, म्हणजे ४ वर्षांवरच्या सगळ्यांना असलेली हेल्मेटसक्ती तिलाही लागू, तिच्या मापाचं आयएसआय हेल्मेट घेतलंय. तिघांना जायचं असेल तेव्हा एसटी नाहीतर मेव्हण्याची कार. बाईकवर एकतर मिसेस नाहीतर लेक. लेकीचे पाय फूटरेस्टला टेकतात का हे प्रत्येक गाडीवर बसवून बघतोय, युनिकॉर्नवर टेकतात, ह्या उंच गाड्यांवर सीट रुंद असली की तिचे पाय फाकतात आणि टाच अधांतरी राहते. ज्या गाडीवर ते टेकणार नाहीत तिच्यावर तिला लांबच्या प्रवासाला नेणार नाही.

आता माझी मुख्य अडचण, सीटची उंची. स्पेक शीटवर आकडा एकट्या माणसासाठी असतो. मागं माणूस बसला की सस्पेन्शन दबतं आणि गाडी थोडी खाली येते हे खरं, पण मग बॅलन्सही बदलतो आणि उताराच्या सिग्नलला एकाच पायाच्या चवड्यावर दोघांचं वजन धरायचं असतं. शिवाय मागचा माणूस चढणार कसा? सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स बघायला मिसेसला घेऊन गेलो होतो. तिनं डावा पाय फूटरेस्टवर दिला, माझा खांदा धरला आणि वर आली तेव्हा गाडी एकदम डावीकडं झुकली, मी आधीच दोन्ही पाय रोवून बसलो होतो म्हणून सावरली. दुसऱ्यांदा तिला सांगितलं की उभी राहू नको, पुढं वाकून उजवा पाय टाक, मग व्यवस्थित जमलं. पण टॉप बॉक्स (सीटमागची सामानाची पेटी) लावला तर मागनं पाय टाकायला जागा उरत नाही आणि तिला तर पाठीला टेकायला टॉप बॉक्स हवाच आहे. शोरूमवाले मागं माणूस बसवून खराब रस्त्यावर टेस्ट राइड देत नाहीत, त्यामुळे कळणार कसं?

डोक्यात असलेल्या गाड्या:

व्ही-स्ट्रॉम एसएक्स मनात सगळ्यात वर आहे. २५० सीसी, ताकद २६.५ पीएस, वजन १६७ किलो, सीट ८३५ मिमी. अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर हा माझ्यासाठी मोठा मुद्दा, करूळ घाटात संध्याकाळी लेक मागं असताना ट्यूब पंक्चर झाली तर वैभववाडी नाहीतर गगनबावडा गाठायचं कसं? ट्यूबलेस असेल तर भोकात रबरी स्ट्रिप घालून हवा भरली की निघता येतं. टायर काढायचा, ट्यूब ओढायची ही कामं लेकीला घाटाच्या कठड्याला उभी करून करायची नाहीत.

दुसरी, हिरोची एक्सपल्स २१०. तिचं सस्पेन्शन चालवून बघितलं, खड्डा आला कधी गेला कधी कळत नाही, त्यात वाद नाही. पुढं २१ इंची चाक आहे त्याचा फायदा. पण स्पोक व्हील, ट्यूब टायर, सीट ८३० आणि मागची सीट मिसेसला अरुंद वाटली.

तिसरी, ओळखीतल्या एकाची जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११. सीट ८००, दोन्ही पाय छान टेकतात, मिसेस सहज चढली आणि मागं बसल्यावर म्हणाली ही बरी. पण १९९ किलो आणि ताकद २४-२५ पीएसच्या घरात. आमच्या गल्लीत रोज रात्री गाडी रिव्हर्स ढकलून चढावर लावायची असते, एकट्यानं झेपेल का? शिवाय तिलाही ट्यूबच.

टीव्हीएसची अपाचे आरटीएक्स ३०० पण वाचली. ३६ पीएस, ट्यूबलेस, कागदावर सगळं आहे, पण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली गाडी आणि इंजिनही नवीन. रोजच्या कामाची गाडी म्हणून घ्यायला घाई होईल का?

हिमालयन ४५० सुचवू नका कृपया. गाडी मला मनापासून आवडते, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी झाला आणि खालच्यांना १८, त्यामुळे ती बजेटच्या पार बाहेर गेली. माझं बजेट ऑन रोड अडीच लाख, त्यातच टॉप बॉक्स आणि क्रॅश गार्ड.

तर मला हे हवंय. ५ फूट ५ च्या आसपास उंची असलेल्या कुणी व्ही-स्ट्रॉम किंवा एक्सपल्स मागं माणूस घेऊन वर्षभर वापरलीय का? सीट फोम कापून कमी केली तर मागं बसणाऱ्याला उतार लागून तो पुढं घसरत येतो असं एक मेकॅनिक म्हणाला, खरंय का? मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोघं असताना किती ठेवता? आणि एक खास वहिनींसाठी: साडी नेसून ह्या गाड्यांवर कसं बसता? लग्नकार्याला मिसेस साडीतच असते, सॅडल स्टे (बाजूच्या बॅगा अडकवायची चौकट) लावताना साडी गार्ड काढावा लागणार असेल तर मी सॅडल बॅगच घेणार नाही.

भर घालतोय: खाली दोघांनी लिहिलंय की सरळ स्कूटर घे. स्कूटर घरी आहे, आई आणि मिसेस वापरतात, आईला गुडघ्यामुळे उंच गाडी कधीच जमणार नाही हे माहीत आहे आणि ती ह्या हिशोबात नाही. पण छोट्या चाकांनी घाटातले खड्डे आणि सर्व्हिस रोडची खडी रोज झेपत नाही.

आणि ज्यांनी ‘आधी पॉवर बघ’ म्हटलंय त्यांना, मला ८०-९० च्या वर जायचंच नाही. दोघं आणि सामान असताना करूळ चढताना पुढच्या ट्रकच्या मागं सेकंडला न गुदमरता राहता आलं आणि जागा मिळाली की झटकन पुढं निघता आलं की पुरे. एवढ्यासाठी व्ही-स्ट्रॉमचा टॉर्क (ओढायची ताकद) पुरतो का, हे घाटात चालवलेल्यांनीच सांगा.

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, निपाणी ह्या भागात कुणाकडं व्ही-स्ट्रॉम किंवा आरटीएक्स असेल आणि रविवारी अर्धा तास बघायला देणार असाल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, मिसेसला आणि लेकीला घेऊन येतो. चालवायला नाही दिली तरी चालेल, त्या दोघींना मागं बसवून बघायचंय.